मेमरी संपली की मर्यादा आड आली?

आपण लिहिले आहे की, महाविद्यालयाच्या १६ जीबी रॅमच्या लिनक्स सर्व्हरवर सी++ चा मोठा प्रकल्प कंपाइल करताना 'व्हर्च्युअल मेमरी एक्झॉस्टेड' असा संदेश येतो आणि मेक या बिल्ड करणाऱ्या साधनाचे समांतर जॉब (एकाच वेळी चालणारी कामे) ८ वरून १ वर आणले तरी काम त्याच एका फाइलपाशी थांबते. नांदेडला असताना मी नेमक्या याच अडचणीत महिनाभर अडकलो होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

'मेमरी' हा शब्द वाचताच रॅम अपुरी आहे असे मी गृहीत धरले, ही माझी सर्वांत महाग पडलेली चूक. विभागाच्या तुटपुंज्या निधीतून ८ जीबी रॅम वाढवून घेतली, स्वॅप फाइलही (रॅम भरल्यावर वापरायची डिस्कवरील जागा) जोडली आणि ऐन मे महिन्यात भारनियमनाच्या वेळा सांभाळून बिल्ड पुन्हा लावला, तरी तोच संदेश त्याच फाइलवर आला. सर्व्हर सांभाळणाऱ्या कक्षाला मी दोनदा लेखी विचारले आणि दोन्ही वेळा 'सर्व्हर सुस्थितीत आहे' एवढेच उत्तर मिळाले. आमच्या खात्यांवर प्रत्येक प्रोसेसला ४ जीबी आभासी मेमरीची हार्ड लिमिट त्यांनीच घातली होती, हे सांगण्याची तसदी कोणी घेतली नाही, याचा मला आजही राग येतो. पहिल्याच दिवशी ही मर्यादा दाखवणारी 'यूलिमिट -व्ही' ही आज्ञा दिली असती, तर ४१९४३०४ केबी हा आकडा समोर आला असता.

ही मर्यादा पत्त्यांच्या जागेवर, म्हणजे प्रोसेस मागून ठेवू शकते त्या एकूण आभासी मेमरीवर असते, प्रत्यक्ष रॅमवर नसते; म्हणून स्वॅप वाढवणे किंवा जॉब कमी करणे येथे निरुपयोगी ठरते. याउलट कंपायलर 'किल्ड' होऊन पडत असेल आणि डीमेसेजमध्ये (लिनक्स कर्नलच्या नोंदींत) 'आउट ऑफ मेमरी' अशी नोंद असेल, तर रॅम खरोखर संपलेली असते आणि तेथे हे दोन्ही उपाय लागू पडतात. अर्थात आपला सर्व्हर मी पाहिलेला नाही, आणि कंपायलर ३२ बिटचे असेल तर कारण निराळे असू शकेल.

हार्ड लिमिट सामान्य वापरकर्त्याला वाढवता येत नाही, त्यामुळे कक्षाला आकड्यासह पत्र द्या. माझ्या मते कंपाइलच्या सर्व्हरवर अशी मर्यादा घालणेच चूक आहे. सीग्रुप या लिनक्सच्या सोयीने प्रत्यक्ष वापर मर्यादित करणे अधिक न्याय्य. तोवर त्या एकाच फाइलला '-जी' (डिबगची माहिती जोडणारा पर्याय) न देता ऑप्टिमायझेशन खाली आणून पाहा, किंवा टेम्प्लेटने भरलेली ती फाइल दोन भागांत विभागा. मर्यादा वाढवून मिळाल्यावर मात्र टीमक्सचे (लॉगआउटनंतरही टर्मिनल चालू ठेवणाऱ्या साधनाचे) जुने सत्र बंद करा आणि लॉगआउट करून नव्याने लॉगिन करा, कारण ते सत्र चालू असेल तर त्यातील शेल जुनीच मर्यादा धरून राहते.