खाडीकाठचे बचाव पथक: आषाढात गावात कोण असते?

पुरासाठी बचाव पथक काढायचे म्हणून आपल्या गावात गणपतीत बैठक झाली, साठ तरुणांनी नावे दिली, मुंबईच्या मंडळाने होडीसाठी इंजिन द्यायचे कबूल केले. आता पुढे काय करावे आणि तुमचे पथक कसे चालते, असे आपण विचारले आहे. चिपळूणकडच्या वाशिष्ठी नदीच्या खाडीकाठी असलेल्या आमच्या पथकात मी सुरुवातीपासून आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ती साठ नावांची यादी पुन्हा करा. २००५ च्या जुलैअखेर महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते येथे दरडी कोसळल्या, चिपळूणही पाण्याखाली गेले, आणि त्याच वर्षीच्या गणपतीत आमचे पथक स्थापन झाले. नावे भरपूर आली, कारण गणपतीत गाव भरलेले असते. पुढच्या आषाढात पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, पाणी चढून त्यावरचा साकव (छोटा पूल) वाहून गेला, तेव्हा यादीतले बहुतेक जण विरार, डोंबिवली आणि नालासोपाऱ्यात होते. तेव्हापासून आमच्या वहीत प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न असतो: जुलैमध्ये कामाच्या दिवशी दुपारी दोन वाजता हा माणूस कुठे असतो? या कसोटीला उतरणारी माणसे म्हणजे रिक्षावाले, दुकानदार, अंगणवाडी सेविका, वायरमन आणि मुख्यतः मच्छीमार. मासेमारी १ जूनपासून निदान ३१ जुलैपर्यंत बंद असते, त्यामुळे पाण्याची सर्वांत जास्त जाण असलेले तांडेल (होडीचे प्रमुख) आणि खलाशी नेमके पुराच्या दिवसांत घरी असतात. अडचण एवढीच, की आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, त्यांच्या होड्या काठावर वर ओढून शाकारून (झावळ्यांनी झाकून) ठेवलेल्या असतात. म्हणून आम्ही दरवर्षी एक होडी न शाकारता, वल्ही आणि दोरासह हाताशी ठेवतो, आणि तिच्या मालकाला त्याबद्दल वर्गणीतून काही रक्कम देतो. फुकट मागितलेली होडी दुसऱ्या वर्षी मिळत नाही.

आता आमची एक चूक सांगतो. सुरुवातीच्या काळात वाहत्या पाण्यात उतरणाऱ्याच्या कमरेला आम्ही दोर बांधत असू, आणि काठावरचे चार जण तो ताणून धरत. एकदा आमच्यातला सर्वांत चांगला पोहणारा असाच उतरला आणि दोर ताणला जाताच प्रवाहाने त्याला खाली दाबले. काठावरच्यांनी जितके ओढावे, तितका तो आणखी बुडत होता. कोणाला तरी दोर सोडून द्यायचे सुचले, म्हणून तो वाचला. तेव्हापासून कमरेला दोर बांधणे आमच्याकडे बंद आहे. आमचा क्रम असा: आधी हाक मारून माणसाला काठाकडे वळवायचे, मग बांबू किंवा काठी पुढे करायची, मग दोर फेकायचा, मग होडी, आणि पोहत जाणे अगदी शेवटी, तेही लाइफ जॅकेट घालून. फेकायचा दोर पॉलिप्रोपिलिनचा घ्यावा, कारण तो तरंगतो. नायलॉनचा बुडतो आणि भिजल्यावर त्याची ताकद कमी होते. मात्र उन्हात ठेवल्यास पॉलिप्रोपिलिन झिजते, म्हणून तो सावलीत, गुंता न होईल असा पिशवीत भरून ठेवावा.

बाहेर काढलेल्या माणसाला पालथे घालून पोटातले पाणी काढण्याची आपल्याकडची जुनी पद्धत मोडायला आम्हांला सर्वांत जास्त वर्षे लागली. पाणी काढण्यात अमूल्य वेळ जातो, आणि पोटातले बाहेर येऊन श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. श्वास नसेल तर प्रथम तोंडाने श्वास द्यायचा आणि मग छातीवर दाब, ३० दाबांना २ श्वास, मिनिटाला १०० ते १२० च्या गतीने. हे वाचून येत नाही, दरवर्षी मे महिन्यात सरावासाठीच्या पुतळ्यावर सराव करावा लागतो.

२२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडाले. तो दिवस आषाढ शुद्ध त्रयोदशीचा होता. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा आपल्या किनाऱ्यावरचा हिशेब लावला तर तेराची पाऊणपट, म्हणजे भरती पावणेदहाच्या सुमाराची, आणि पौर्णिमा दोन दिवसांवर असल्याने उधाणाकडे झुकलेली. वर घाटात प्रचंड पाऊस, खाली खाडीला भरती, मग वाशिष्ठीचे पाणी जाणार कुठे? राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन पुणे जिल्ह्यात आहे, पण तिथून खाली उतरण्यासाठी घाट ओलांडावे लागतात, आणि अशा रात्री घाटच बंद पडतात. त्याच दिवशी महाड तालुक्यात तळिये येथे दरड कोसळली, तिथेही मोठी मदत दुसऱ्या दिवशी पोहोचली. यात दलाचा दोष नाही, भूगोलाचा आहे. पण पहिले दहा-बारा तास गावाचेच असतात, हे धरून तयारी करावी लागते. आमच्या वहीत म्हणूनच तिथी, भरतीची वेळ आणि अंथरुणाला खिळलेल्यांची घरे लिहिलेली असतात. भरतीच्या दोन तास आधी म्हाताऱ्यांना वरच्या वाडीत हलवले, तर होडी लागतच नाही.

नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे करून घ्या, आणि मे महिन्यातल्या मान्सूनपूर्व बैठकीत तहसीलदारांकडे पथकाची यादी द्या. एरवी जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि रुग्णवाहिकेचा १०८ प्रत्येकाला पाठ हवा. आणखी एक काम कोणी बोलून दाखवत नाही: आम्हांला बोलावणे येते त्यांतली बरीच बोलावणी मृतदेह शोधण्यासाठी असतात. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्री नदीवरचा जुना पूल वाहून गेला, तेव्हा शोध खाडीच्या मुखापर्यंत आणि पुढे समुद्रकिनाऱ्यावरही घ्यावा लागला. अशा कामाला नवखी मुले पाठवू नका, पोलिसांच्या पंचनाम्याआधी काहीही हलवू नका, आणि परत आलेल्यांना त्या रात्री घरी एकटे सोडू नका.

राहता राहिले इंजिन. तूर्त घेऊ नका. पुराच्या पाण्यात झुडपे, जाळ्यांचे तुकडे आणि प्लास्टिकचे कापड वाहत येते, ते पंख्यात अडकले की होडी आडवी होते. शिवाय वर्षातून चार वेळा चालणारे इंजिन ऐन वेळी सुरू होत नाही, हे आमच्याकडचे एक इंजिन शिकवून गेले. ते अजून देवळामागच्या खोलीत आहे. मंडळाला सांगा, त्या पैशांत वीस जॅकेट, चार दोर आणि दोन चांगल्या बॅटऱ्या येतील.