पेशवे गेल्यावर पुण्याच्या विश्रामबागवाड्यात कोण कोण राहिलं?

'राहिलं' असं कोणी फारसं नाहीच. वाड्यात पुढे कचेऱ्या आणि वर्गच भरले. दुसऱ्या बाजीरावानं हा वाडा शनिवारवाडा सोडून राहण्यासाठी बांधला. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, तो बिठूरला गेला आणि वाडा इंग्रजांकडे आला. ६ ऑक्टोबर १८२१ ला इथं संस्कृत पाठशाळा सुरू झाली. पेशवे विद्वान ब्राह्मणांना जी दक्षिणा वाटत, त्या रकमेतूनच ती चालायची, म्हणजे पैसा जुनाच, फक्त देणारा हात बदलला. आजच्या डेक्कन कॉलेजचं मूळ हेच. येरवड्याला ते पुष्कळ नंतर गेलं.

१८७९ च्या आगीत पेशव्यांचा दुसरा वाडा, बुधवारवाडा, पार गेला. विश्रामबागचंही बरंच जळालं, पण तो पुन्हा उभा राहिला. मग नगरपालिकेचा कारभार इथून चालला. खाली टपाल कचेरीही होती.

तुमच्या स्वतःच्या वाड्याचा इतिहास हवा असेल तर नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा. आधीच्या धारकांची नावं कंसात दिसतील. त्यासोबतचे फेरफार, म्हणजे मालकी बदलाच्या नोंदी, जरूर वाचा, भावकीची अर्धी भांडणं तिथंच सापडतात. भाडेकरूंची नावं मात्र त्यात शोधू नका, त्यासाठी जुन्या भाडेपावत्याच बऱ्या.