पानशेतवर चालवायच्या ४० एचपी आउटबोर्डला (बोटीच्या मागे बाहेर बसवायच्या इंजिनाला) टॉप स्पीडसाठी १५ पिचचा प्रॉपेलर लावू का?

नका लावू. पिच म्हणजे प्रॉपेलर एका फेरीत हिशोबाने जितके इंच पुढे सरकेल तो आकडा, आणि तुमच्याच आकड्यांत उत्तर आहे. १४ फुटी फायबरची बोट, बहुतेक वेळा चौघं जण, सध्याचा प्रॉपेलर १३ पिचचा, फुल थ्रॉटलला ४८०० आरपीएम आणि जीपीएसवर ताशी ३७ किलोमीटर. मॅन्युअलमध्ये फुल थ्रॉटलची कक्षा ५००० ते ६००० दिली आहे. म्हणजे इंजिन १३ पिचलाच पुरेसं फिरत नाहीये. त्याला १५ देणं म्हणजे कात्रजचा घाट पाचव्या गिअरमध्ये चढायला लावणं.

गडबड होते ती कागदावरच्या हिशोबामुळे. आरपीएमला गिअर रेशोने (प्रॉपेलरच्या एका फेरीमागे इंजिनाच्या किती फेऱ्या, त्या आकड्याने) भागा, इंचातल्या पिचने गुणा, मग ०.००१५२४ ने गुणा. ताशी किलोमीटर मिळतात. रेशो २:१ धरला तर १५ पिच आणि ५५०० आरपीएमला ६३ येतात. आकडा मोहात पाडतो, पण तुमचं इंजिन त्या प्रॉपेलरवर ५५०० गाठणारच नाही. साधारणपणे पिच एक इंचाने वाढला की १५० ते २०० आरपीएम कमी होतात. तुम्ही साडेचार हजारांच्या आसपास अडकाल, बोट पाण्यावर उठायला वेळ लावेल आणि ओढून चाललेल्या इंजिनाचं आयुष्य घटेल ते वेगळंच.

‘मालवणला याच इंजिनावर १३ मस्त चालतो’ असं तुम्हाला कोणी सांगितलं, ते खरं असणार. पण ते समुद्रसपाटीवर. पानशेतचं पाणी ६०० मीटरहून उंचावर आहे. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर ३०० मीटरला सुमारे ३ टक्के घटते, म्हणजे ६ टक्के तिथेच गेले. मे महिन्याच्या दुपारी गरम हवेमुळे आणखी थोडी जाते. किनाऱ्यावरचा सल्ला आपल्या धरणांवर जसाच्या तसा चालत नाही, तो याचमुळे.

मी असतो तर ११ पिच लावून पाहिला असता. १२ ने जेमतेम ५००० होतील आणि चौघांच्या वजनाला तेवढं पुरणार नाही. एकटे असाल तेव्हा ११ वर आरपीएम ६००० च्या वर जाऊ लागले तर थ्रॉटल मागे घ्या. वेगात मोठी उडी मात्र धरून बसू नका; ताशी एक-दोन किलोमीटरचा फरक पडेल, कदाचित तोही नाही. खरा फायदा बोट झटकन उठण्यात आणि इंजिन मोकळं फिरण्यात आहे.

आणि पैसे घालण्याआधी हे पाहाच. १३ पिच, ४८०० आरपीएमला हिशोबाने ४७.५ यायला हवेत, तुम्हाला ३७ मिळतात. म्हणजे स्लिप, हिशोब आणि प्रत्यक्ष वेगातली तूट, २२ टक्के. अशा बोटीला १० ते २० टक्के मी ठीक मानतो. तेव्हा कुठेतरी पाणी मुरतंय: पात्यांच्या कडा वाकल्यात का, तळात पाणी साचून बोट जड झालीये का, इंजिन फार खाली बसवलंय का. प्रॉपेलरच्या वरची आडवी प्लेट बोटीच्या तळाशी समपातळीत किंवा किंचित वर हवी. थ्रॉटल केबल पूर्ण उघडते का तेही बघा. टॅकोमीटरच्या (आरपीएम दाखवणाऱ्या मीटरच्या) मागे पोलची, म्हणजे इंजिनाच्या अल्टरनेटरमधल्या चुंबकी ध्रुवांच्या संख्येची, सेटिंग असते. ती चुकीची असेल तर ४८०० हा आकडाच खोटा. मोजमाप सकाळी वारा पडलेला असताना, नेहमीचं वजन घेऊन आणि दोन्ही दिशांनी करा.

स्टीलचा प्रॉपेलर थोडा वेग देतो हे खरं, पण उन्हाळ्यात धरण उतरलं की काठाजवळचे खडक वर येतात. तिथे आदळल्यावर ॲल्युमिनियमचं पातं वाकतं किंवा तुटतं. स्टीलचं टिकतं आणि मार शाफ्ट-गिअरपर्यंत जाऊ शकतो. पानशेतसाठी ॲल्युमिनियमच घ्या आणि जुना १३ चा सरळ करून बोटीत राखीव ठेवा.

ऑर्डर देताना फक्त ‘४० एचपी’ सांगू नका. इंजिनाचा पूर्ण मॉडेल नंबर द्या आणि शाफ्टवरच्या स्प्लाइनचे (प्रॉपेलर बसतो त्या खाचांचे) दात मोजून कळवा. एकाच एचपीच्या दोन इंजिनांचे दात वेगळे असू शकतात.