तांदळाच्या डब्यातल्या पाटल्या

"मॅडम, एकवीस वर्षं त्या घरात काढली आणि आता मी चोर ठरले."

मीनलने (नाव बदललं आहे) मोबाइल माझ्यासमोर धरला. तांदळाच्या डब्यात, रुमालात गुंडाळलेल्या दोन पाटल्यांचा फोटो. पुरावा म्हणून काढून ठेवला होता. सासूबाई ७८ वर्षांच्या. वर्षभर घरात काही ना काही हरवत होतं आणि दर वेळी आळ मीनलवर. "तूच नेल्यास माहेरी." शेजारपाजारीही सांगून झालं होतं. नवऱ्याचं एकच पालुपद, "आई म्हातारी झालीय, मनावर घेऊ नकोस." पुण्याच्या नणंदेचं दुसरं, "माझ्याशी तर आई फोनवर अगदी छान बोलते. उगाच कुणावर आळ घेणारी बाई नाही ती."

इथे माझं चुकलं. समुपदेशनाच्या पहिल्या दोन भेटी मी सासू-सुनेचं नेहमीचं दुखणं समजून घालवल्या. लग्नातला मानपान, स्वयंपाकघराचा ताबा, सगळा जुना गाळ उपसला. तिसऱ्या वेळी उठता उठता मीनल म्हणाली, "आणि आता दुधाचा हिशोबसुद्धा मलाच बघावा लागतो. आईंना जमत नाही." तीस वर्षं गल्लीतल्या बायकांची भिशी तोंडपाठ सांभाळणारी बाई! मी मीनलला पुन्हा बसायला सांगितलं.

मग एकेक निघत गेलं. आमटीत दोनदा मीठ. तोच प्रश्न दहा मिनिटांत तीनदा. नेहमीच्या देवळातून घरी येताना चुकलेलं वळण. कानाचं मशीन घेतलेलं, पण सेल संपल्यापासून ते ड्रॉवरमध्ये पडून.

चष्मा कुठे ठेवला हे कुणीही विसरतं आणि आठवून शोधतं. इथे तसं नव्हतं. पाटल्या आपण डब्यात ठेवल्या, ही घटनाच मनात नोंदली जात नव्हती. दागिना धान्यात दडवण्याची त्या पिढीची सवय मात्र हाताला शाबूत. हात लपवणार आणि डोकं विसरणार. मग जागेवर वस्तू नाही, याचा तिच्यापुरता एकच अर्थ उरतो: कुणीतरी नेली. आणि कपाटाजवळ, अंथरुणाजवळ, औषधाच्या डब्याजवळ दिवसभर वावरतं कोण? जी सगळ्यात जास्त करते, तीच चोर ठरते. नणंद पुण्यात, म्हणून सुटली. फोनवरच्या दहा मिनिटांत 'जेवलीस का, मुलं कशी आहेत' एवढं बोलणं आजार बराच पुढे जाईपर्यंत टिकतं, त्यामुळे तिलाही खोटारडी म्हणता येत नव्हतं.

हे नवं नाही. अलॉइस अल्झायमर या डॉक्टरांनी १९०१ साली फ्रँकफर्टच्या रुग्णालयात तपासलेली ऑगस्ट डेटर नवऱ्यावर संशय घ्यायची आणि घरातल्या वस्तू लपवून ठेवायची. आपल्याकडे 'लासी-डॅड' या देशव्यापी पाहणीतून २०२३ मध्ये आलेला अंदाज असा, की साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना, डिमेन्शिया (स्मरणशक्ती आणि विचारशक्ती ढासळत नेणारा आजार) आहे. त्यातल्या किती घरांत हे 'सासूचा स्वभाव' म्हणून खपून जात असेल!

तरी मी निदान केलं नाही. ते माझं काम नव्हे. बी-१२ कमी असणं, थायरॉइड, नैराश्य, काही गोळ्या यांनीही विसरभोळेपणा येतो आणि त्यावर इलाज असतो. गोंधळ दोन दिवसांत अचानक वाढला तर लघवीचा संसर्गही निघतो. त्यांना मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. तिथे डिमेन्शियाच निघाला. नवरा म्हणाला, "शांत राहील अशी एखादी गोळी नाही का?" डॉक्टरांनी घाई केली नाही, हे मला आवडलं. भ्रमावरच्या औषधांनी डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ सालीच दिला आहे.

मीनलला मी एकच सांगितलं: खटला लढवणं बंद. "मी नाही घेतल्या" म्हटलं की भांडण, "तुम्हीच ठेवल्या होत्या" म्हटलं की अपमान, आणि फोटो दाखवला तर "बघ, तुलाच बरोबर जागा माहीत!" त्याऐवजी, "पाटल्या दिसत नाहीत म्हटल्यावर जीव घाबरणारच, आई. चला, दोघी बघू." आणि वस्तू आपल्याला दिसली तरी हात लावायचा नाही. त्यांना त्या डब्यापर्यंत न्यायचं. त्यांच्या हाताला लागू द्यायची.

खऱ्या पाटल्या लॉकरमध्ये गेल्या, घरात एक ग्रॅम सोन्याच्या आल्या. हे मीनलचं डोकं. मला ते आजही पूर्ण पटलेलं नाही. पण रात्री दोनला तांदूळ उपसत मी बसत नव्हते, ती बसत होती.

नवऱ्याला मात्र मी स्पष्ट सांगितलं, "'मनावर घेऊ नकोस' हा आधार नव्हे. शेजाऱ्यांना आईंच्या आजाराबद्दल तुम्ही सांगायचं, मीनलने नाही." तो दोन आठवडे टाळत राहिला, मग गेला.

दिवाळीनंतर नणंद आठ दिवस राहायला आली. पाचव्या दिवशी आईंच्या बटव्यातले पाचशे रुपये गेले. "आल्यापासून तुझी नजर होती त्यावर," आई लेकीला म्हणाल्या.

मीनलचा फोन आला तेव्हा ती हसत होती की रडत होती, कळेना. "ताई बाथरूममध्ये जाऊन रडल्या हो. मी आईंना म्हटलं, चला, देवघरात बघू. पोथीत निघाली नोट." जरा थांबून ती म्हणाली, "रात्री ताईंनी विचारलं, 'वहिनी, त्या कानाच्या मशीनचे सेल कुठे मिळतात गं?'"