वाचकांचे प्रश्न : ओठ मिटल्यावर येणारा शब्द

प्रश्न : आमच्या गावच्या जत्रेतील दहिकाल्याचे (दशावतारी नाटकाचे) तीन तासांचे चित्रीकरण मी ट्रायपॉडवर ठेवलेल्या मोबाइलने केले आणि आवाज मिक्सरला जोडलेल्या वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला. संगणकावर दोन्ही जोडताना सुरुवात नीट जुळवली. गणपतीच्या प्रवेशापर्यंत सारे ठीक वाटते, परंतु शेवटी राजाचे ओठ मिटल्यावर अर्ध्या सेकंदाने शब्द ऐकू येतो. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये आवाज सरकवला, तर शेवट जुळतो आणि सुरुवात बिघडते. असे का होते?
— एक वाचक, कुडाळ तालुका

उत्तर : फरक पहिल्यापासून तेवढाच आहे की वाढत जातो, हे पाहिले की निम्मे निदान होते. आपला फरक वाढता आहे. व्हीएलसीतील जे आणि के या कळा दर वेळी ५० मिलिसेकंदांनी आवाज सरकवतात, पण संपूर्ण आवाज एकाच मापाने सरकवतात. म्हणून त्या फक्त स्थिर फरकावर उपयोगी पडतात, आणि ती दुरुस्तीही फाइलमध्ये लिहिली जात नाही.

दोष प्लेअरचा नाही. व्हिडिओ फाइलमध्ये प्रत्येक फ्रेम (एकेक स्थिर चित्र) आणि आवाजाचा प्रत्येक तुकडा कधी वाजवायचा वा दाखवायचा, याची वेळ ठरलेली असते. प्लेअर बहुधा आवाजाला प्रमाण मानून चित्र त्याच्या चालीने चालवतो. चित्र मागे पडले तर एखादी फ्रेम गाळतो, पुढे गेले तर तीच फ्रेम किंचित अधिक वेळ ठेवतो, कारण गाळलेली फ्रेम डोळ्यांना सहसा कळत नाही, आवाजात पडलेली फट मात्र कान लगेच ओळखतो. या ठरलेल्या वेळाच दोन निराळ्या घड्याळांनी मोजल्या असतील, तर प्लेअर तरी काय करणार?

आपल्याकडे नेमके तेच झालेले दिसते. रेकॉर्डर सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने घेतो, पण तो सेकंद त्याच्या आतील घड्याळाचा, म्हणजे क्वार्ट्झ स्फटिकाचा असतो आणि मोबाइलचा स्फटिक वेगळा. तीन तास म्हणजे १०,८०० सेकंद. त्यात अर्धा सेकंद म्हणजे दहा लाखांत सुमारे ४६ भागांचा फरक. साध्या स्फटिकांमध्ये एवढा फरक असतोच, त्यामुळे रेकॉर्डर बिघडला आहे असे समजू नये.

तरीही एक शंका आधी फेडून घ्यावी. मोबाइल अनेकदा फ्रेमचा वेग कमीजास्त करत चित्रीकरण करतो आणि काही संपादन-सॉफ्टवेअर तो स्थिर मानून चालते. मोबाइलची मूळ फाइल तिच्या स्वतःच्या आवाजासह व्हीएलसीमध्ये शेवटपर्यंत जुळत असेल, पण संपादनात घेताच तोच आवाज सुटत असेल, तर आधी हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून ती स्थिर फ्रेमवेगात बदलून घ्यावी.

ती अडचण नसेल, तर रेकॉर्डरच्या आवाजाची लांबी अर्ध्या सेकंदाने कमी करावी. एवढ्याने सुरांत पडणारा फरक हार्मोनियम वाजवणाऱ्यालाही कळणार नाही. सॉफ्टवेअर इतके सूक्ष्म प्रमाण घेत नसेल, तर दोन प्रवेशांमधील शांत जागी, साधारण अर्ध्या तासाला एकदा आवाज कापावा आणि प्रत्येक तुकडा नव्याने जुळवावा. मग एका तुकड्यात फरक ८० मिलिसेकंदांच्या आसपासच राहतो. जुळवण्यासाठी झांजेचा ठोका उत्तम, कारण तो चित्रातही दिसतो आणि आवाजाच्या आलेखातही टोकदार उठतो.

८० मिलिसेकंद चालतील का? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या बीटी.१३५९ या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद आधी आला तरी जाणवू लागतो, उशिरा आला तर मात्र १२५ मिलिसेकंदांपर्यंत सहसा जाणवत नाही. उशिराच्या आवाजाची आपल्याला सवयच असते : ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, त्यामुळे ध्वनिवर्धकापासून ३४ मीटरांवर बसलेल्या प्रेक्षकाला मृदंगाची थाप दिसल्यावर ती ऐकू यायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. म्हणून जुळवताना चूक राहायचीच असेल, तर ती आवाज किंचित मागे राहण्याची असू द्यावी.

प्रश्न : टीव्हीला ब्लूटूथ स्पीकर जोडला की संवाद उशिरा येतात. सेटिंगमधील आवाजाचा विलंब वाढवला, तर अधिकच बिघडते. तोच स्पीकर मोबाइलला जोडला की ठीक चालतो.
— एक वाचक, गुहागर

उत्तर : ब्लूटूथवर आवाज आधी आकुंचित होतो, मग स्पीकरमध्ये थोडा साठवला जातो आणि नंतर उलगडतो, यात १०० ते २०० मिलिसेकंद, कधी त्याहून अधिक, सहज जातात. मोबाइलवरील अनेक ॲप हा विलंब ओळखून चित्र तेवढेच थांबवतात. टीव्हीतील ते सेटिंग बहुतेक वेळा आवाज आणखी मागे ढकलण्यासाठीच असते, तो पुढे आणता येत नाही. टीव्ही चित्रावर प्रक्रिया करण्यात वेळ घेतो आणि बाहेरच्या ॲम्प्लिफायरवर आवाज आधी पोहोचतो, त्या उलट तक्रारीसाठी ते दिलेले आहे. ते शून्यावर आणावे आणि स्पीकरला तार जोडण्याची जागा असेल, तर तारेनेच जोडावा.