ब्राउन पियोनी लावणार असशील तर आधी हे वाच

अगं, नर्सरीतली मोठी गुलाबी पियोनी डोक्यातून काढून टाक आधी, ब्राउन पियोनी हे फुलझाड म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेची जंगली जात आहे, ऑरेगॉन, आयडाहो, नेवाडाच्या कोरड्या डोंगरउतारांवर सेजब्रशच्या झुडपांत आणि पाइनच्या विरळ सावलीत वाढते, स्कॉटिश वनस्पतीशास्त्रज्ञ डेव्हिड डग्लसला 1826 साली तिथल्याच ब्लू माउंटन्स डोंगरांमध्ये बर्फाच्या कडेला सापडली होती. त्यावरूनच समज की तिला काय लागतं. बर्फ वितळला की लगेच वर येते, मान खाली घातलेलं तपकिरी-लाल फूल, कडेला पिवळसर, आणि भर उन्हाळ्यात पानं वाळून झाड गायब!

इथेच सगळे नवीन लोक चुकतात, मीपण चुकले, मेलं वाटून रोज पाणी घालत बसले आणि मुळं कुजली. वाळली की पाणी पूर्ण बंद, उन्हाळाभर कोरडंच राहू दे. माती भुसभुशीत, खडी मिसळलेली, पाणी अजिबात न साचणारी.

आणि प्लीज डोंगरावरून उपटून आणू नकोस, मुळं जाड आणि खोल असतात, तुटली की झाड जगत नाही, शिवाय तिथलं एक झाड कायमचं जातं. ताजं बी घे, शरद ऋतूत कुंडीत पेर आणि हिवाळाभर बाहेर थंडीतच ठेव. आधी नुसतं मूळ फुटतं, कोंब नंतर, कधीकधी दुसऱ्या वर्षी, म्हणून कुंडी फेकू नकोस. फुलाला तर त्यानंतरही बरीच वर्षं जातात. पुण्यातल्या तुझ्या बहिणीला बी पाठवायचा विचार सोड, तिथे तेवढी थंडीच पडत नाही.