फ्लशच्या टाकीचा अँगल कॉक नवख्या माणसाला स्वतः बदलता येईल का?

तुम्ही लिहिलंय की कमोडमागचा अँगल कॉक (भिंतीतून फ्लशच्या टाकीला जाणारं पाणी चालू-बंद करणारा छोटा नळ) ठिबकतो, कितीही पिळला तरी पाणी पूर्ण बंद होत नाही, आणि प्लंबर दोनदा ‘येतो’ म्हणून आलाच नाही. बदलता येईल की. मी पहिल्यांदा बदलला तेव्हा त्याआधी घरात बल्बपलीकडे काही बदललेलं नव्हतं. काम अर्ध्या तासाचं आहे. घोळ होतो तो पाणी बंद करण्यात आणि भिंतीतल्या एल्बोत, म्हणजे कॉक ज्यात बसतो त्या पाइपच्या वळणाच्या जोडात.

आधी पाणी. तुमच्या फ्लॅटचा वेगळा व्हॉल्व्ह डक्टमध्ये किंवा बाथरूमच्या माळ्यावर असेल तर उत्तमच. आमच्या जुन्या सोसायटीत तो नाही. गच्चीवरच्या टाकीखालचा व्हॉल्व्ह बंद केला की त्या लाइनवरच्या सगळ्या मजल्यांचे संडास-बाथरूम कोरडे. त्यामुळे आदल्या दिवशी वरच्या-खालच्यांना सांगून ठेवा. व्हॉल्व्ह बंद केल्यावरही उभ्या पाइपात पाणी उरतंच, ते खालच्या नळातून वाहू द्या. रविवारी हात घालू नका. ऐनवेळी वायसर लागला तर हार्डवेअरचं दुकान उघडं हवं.

आणायचं काय? अर्ध्या इंचाचा (15 मिमी) पितळी अँगल कॉक, टेफ्लॉन टेप (गळू नये म्हणून आट्यांवर गुंडाळायची पातळ पांढरी पट्टी), कॉकपासून टाकीपर्यंतची नवी कनेक्शन पाइप (जुनीची लांबी मोजून न्या) आणि एक एंड प्लग. हा प्लग म्हणजे आट्यांचं साधं बूच. काही बिघडलं तर टेप गुंडाळून तो भिंतीत बसवायचा आणि बिल्डिंगचं पाणी सुरू करायचं, मग प्लंबर चार दिवसांनी आला तरी बिघडत नाही. माझ्या मते कॉकइतकाच तो महत्त्वाचा.

आता जुना कॉक काढायचा. फ्लशची टाकी रिकामी करून कनेक्शन पाइप सोडवा. कॉकच्या अंगाला पाना लावून उलटा फिरवा, मुठीला धरून नको. इथे कान उघडे ठेवा. बेताच्या जोराने सुटला तर ठीक. पण कॉकबरोबर भिंतीतला एल्बोही फिरतोय असं वाटलं, टाइलमागून करकर आली किंवा कॉक हलेचना, तर थांबा. जुन्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपात गंजलेले आटे तुटून आत राहतात, सीपीव्हीसी म्हणजे प्लास्टिकच्या पाइपात एल्बोचा जोड तडकतो, आणि मग टाइल फोडण्यावाचून गत्यंतर नाही. असं झालं तर हे काम प्लंबरचंच.

सुटला तर एल्बोच्या आट्यांतला जुन्या टेपचा चोथा टोकदार काडीने काढा. एल्बो भिंतीत फार आत असेल तर एक्स्टेन्शन निपल, म्हणजे लांबी वाढवणारा आट्यांचा तुकडा, लागेल. नव्या कॉकच्या आट्यांचं तोंड आपल्याकडे धरून टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ताणून गुंडाळा, 12-15 वेढे. भिंतीला टेकणारी स्टीलची चकती आधी चढवा. मी विसरलो होतो, सगळं परत काढावं लागलं.

माझी खरी चूक वेगळीच. कॉक घट्ट बसला, पण त्याचं तोंड वर न येता थोडं पुढे गेलं. मी तो जरासा उलटा फिरवून सरळ केला. दिसायला छान. सकाळी पायपुसणं ओलं! टेफ्लॉनवर बसवलेला आटा मागे घेतला की तिथून पाणी झिरपायला लागतं. पुढे जात असेल तर पूर्ण काढा, जुनी टेप खरवडा आणि दोन-तीन वेढे जास्त घालून पुन्हा बसवा.

कनेक्शन पाइप जोडण्याआधी कॉकखाली बादली धरून व्हॉल्व्ह उघडायला सांगा. पहिल्या धारेत गंज आणि वाळू येते, ती टाकीत गेली की फ्लश वाहतच राहतो. पाइपच्या दोन्ही टोकांना रबरी वायसर असतात, तिथे टेप नको. टाकीकडचा नट हाताने आवळा, वर फार तर पाव फेरा. तिथले आटे प्लास्टिकचे असतात, चिरायला वेळ लागत नाही.

शेवटी प्रत्येक जोडाभोवती कोरडा टिश्यू फिरवा. रात्रभर कॉकखाली वर्तमानपत्राचा कागद ठेवा, एक थेंब पडला तरी त्यावर डाग दिसतो.